एकमताने

आप्पा गवंडी होते. शहरात शिक्षक घडवणारी एक जुनी शाळा होती. तिचं विद्यापीठ व्हावं म्हणून माणसं रस्त्यावर बसली, त्यांत आप्पाही होते. लाठ्या खाल्ल्या, पण मागणी पदरात पाडून घेतली. नाव पडलं 'लोक विद्यापीठ'. पहिल्या इमारतीच्या भिंती आप्पांनीच चढवल्या.

त्यांची लेक तिथंच शिकली आणि तिथंच इतिहास शिकवू लागली; सगळे तिला 'बाई' म्हणत. मधे एका सरकारनं नाव 'राज्य लोक विद्यापीठ' केलं. मुलं हसायची, "राज्य आलं की लोक मागे सरकणारच!" तेव्हा बाईही हसल्या होत्या.

आता 'लोक' काढूनच टाकायचं ठरलं. 'राज्य तंत्र व व्यवस्थापन विद्यापीठ' असं नवं नाव घाटत होतं. ज्या सभेत हा ठराव व्हायचा, तिच्या आधी कुलगुरूंनी बाईंना बोलावून घेतलं.

"इतिहासाला मुलं येत नाहीत, बाई. तरी मी तुमच्या विभागाला हात लावणार नाही. ठराव तेवढा एकमताने होऊ द्या."

विभागात दोघं तरुण शिक्षक कंत्राटावर होते. एकाच्या घरी नुकतंच बाळ झालेलं. सभेत बाईंनीही हात वर केला. मग चहा आला. कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला.

आप्पांचे डोळे चुन्यानं कधीच अधू झाले होते. लेकीची चाहूल लागताच ते खाटेवर उठून बसले.

"झालं?"

"झालं, आप्पा."

"विरोध कोणी केला?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "कोणी नाही. एकमताने झालं."

"म्हणजे तूही."

"विभाग वाचला, आप्पा. दोन पोरांच्या पोटाचा प्रश्न होता."

"बरं," ते म्हणाले. "जेवून घे."

उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत इतिहास विभाग बंद झाला. दोन्ही तरुणांना नारळ मिळाला. बाईंना व्यवस्थापनाच्या मुलांना सभेत कसं बोलावं हे शिकवायला दिलं. त्या तणतणत कुलगुरूंकडे गेल्या.

"मी कुठं हात लावला? वरून आलंय," ते म्हणाले आणि फोन उचलला.

घरी येऊन बाईंनी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, म्हणून त्या समोरच बसून राहिल्या.

"काय म्हणायचं आता विद्यापीठाला?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी पूर्ण नाव सांगितलं. आप्पा ते म्हणायला गेले आणि मधेच अडखळले.

"पुन्हा सांग."

बाईंनी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. भूक कोणालाच नव्हती.