माझा साक्षीदार मीच

मी लेख बोलतोय. पुस्तकातला नव्हे. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, जिथे येणाराजाणारा कुणीही लिहितो, कुणीही खोडतो, तिथला. कुंपणाला लावतात त्या काळ्या फळांच्या एका झुडपावरचा. छोटासाच आहे. दमलोय जरा, तेव्हा सावकाश सांगतो.

मला जन्म दिला रोपवाटिकेतल्या एका बाईंनी. जेवणाच्या सुट्टीत, मातीचे हात धुऊन, चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ होती, ‘फळं विषारी, खाऊ नयेत.’ कुठल्या पुस्तकात वाचलं तेही खाली लिहिलं, आणि गेल्या. पुन्हा फिरकल्या नाहीत.

मग माणसं येत राहिली. कुणी फोटो लावला. एकाने मध्येच आपल्या प्रेयसीचं नाव लिहिलं. एक निवृत्त पोस्टमन माझी राखण करतात, त्यांनी ते हळूच पुसलं. असल्या खोड्यांचं मला काही वाटत नाही. त्या लगेच दिसतात.

एक दिवस कुणीतरी बाईंची ओळ काढली आणि लिहिलं, ‘पिकलेली फळं गोड असतात, खाता येतात.’ भला माणूस असावा, दुसऱ्याच झुडपाशी गल्लत केली असावी. राखणदारांनी त्या ओळीला ‘आधार हवा’ अशी चिठ्ठी डकवली. तेवढ्यात एका पेपरच्या पुरवणीने ती ओळ माझ्यातूनच उचलून छापली. मग तिसराच कुणी तो पेपर पुरावा म्हणून घेऊन आला. झालं! छापील आधार मिळाला म्हणून चिठ्ठी निघाली. माझंच बोलणं माझा साक्षीदार होऊन परत आलं. आणि मी सांगणार कुणाला? माझ्या तोंडी शब्द असतात ते दुसऱ्यांचे.

वाचणाऱ्याच्या हातात असलो की मला त्याचं घर दिसतं. परवा एक स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर धुतलेल्या काळ्या फळांची वाटी, स्टुलावर एक लहान मुलगी, आणि फोन तिच्या आत्याच्या हातात.

“वहिनी, खाता येतात गं. हे बघ, लिहिलंय.”

“कोण म्हणतं?”

“खाली पेपरचं नाव आहे. तू म्हणजे ना, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा दोनदा वाचतेस!”

“वाचतेच. आण इकडे.”

“आई, एकच खाऊ?”

“एकही नाही. हात खाली.”

आईने पेपरची ती बातमी उघडली, पार तळापर्यंत वाचली. शेवटी बारीक अक्षरात होतं, ‘माहिती : मुक्त ज्ञानकोश.’

“अगं, पेपर म्हणतो यानं सांगितलं, आणि हा म्हणतो पेपरनं सांगितलं. मग फळ खाऊन बघितलं कुणी?”

आत्याने वाटी उचलली आणि कचऱ्यात उपडी केली.

आईने माझी ती ओळ खोडली. राखणदारांनी ती परत लावली. वर शेरा, ‘आधार असलेली ओळ कारण न देता काढू नये.’ नियमाने बरोबरच होतं त्यांचं.

पण आई चिवट. माझ्या मागे एक चर्चेचं पान असतं, मजकुरावर वाद घालायला; तिथे तिने लिहिलं, ‘तुम्ही कोण ते माहीत नाही, पण पेपरने हे इथूनच घेतलंय. फळ माझ्या लेकीच्या तोंडाशी आलं होतं.’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘ताई, चुकलं माझं. आधार आहे एवढंच पाहिलं, तो आला कुठून ते पाहिलं नाही.’ माझी जुनी रूपं सगळी जपलेली असतात. त्यांतून त्यांनी रोपवाटिकेतल्या बाईंची ओळ शोधली आणि पुन्हा जागेवर बसवली.

आता मी बरा आहे, म्हणजे आजच्यापुरता. पेपरातली ओळ तशीच आहे, तिथून आणखी कुठे कुठे गेली आहे. कालच कुणीतरी ती नवा आधार लावून पुन्हा घेऊन आलं. राखणदारांनी काढली. त्यांचंही वय झालंय, कधीतरी डोळा लागेल.

मला वाचा, जरूर वाचा. त्यासाठीच तर आहे मी. पण पोटात जायचं काही असेल, तर माझ्यापाशी थांबू नका. खाली उतरा, आधार उघडा, त्याच्याही तळाशी जा. तिथे पुन्हा मीच बसलेला दिसलो, तर वाटी खाली ठेवा.