अंड्याची खिडकी

अंडेमामांच्या थोरल्या मुलाला मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. बाळाचं पोट फुगून टणक झालं होतं, शी होत नव्हती, आणि मामांची बायको सुनेवर घसरली होती.

“शेवटच्या महिन्यापर्यंत जिने चढत होती. सांगून सांगून तोंड दुखलं माझं.”

सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

अंडेमामा हे प्रयोगशाळेत पडलेलं नाव. उबवणीच्या पेटीतल्या कोंबडीच्या अंड्यांना खिडक्या पाडायचं काम त्यांचं. कवचाचा तुकडा अलगद काढायचा, आतल्या जिवाला तिथल्या संशोधक मॅडमनी रंगाचा ठिपका दिला की चिकटपट्टी लावून अंडं परत पेटीत. रंगवलेल्या पेशी मानेपासून आतड्याच्या टोकापर्यंत कशा चालत जातात, ते मॅडम बघायच्या.

बाळाचा दवाखान्याचा कागद मॅडमनीच वाचून दाखवला. “मामा, नातीच्या त्या पेशी वाटेतच थांबल्यात. शेवटच्या भागात पोचल्याच नाहीत, म्हणून तो भाग शी पुढे ढकलत नाही. कापावा लागेल.”

“कुणामुळे थांबल्या?”

“कुणामुळेच नाही हो.”

हे घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “तुमच्या मॅडमला पोरं आहेत का?”

मामांचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून त्यांनी एक खिडकीचं अंडं गरम पाण्याच्या पिशवीत गुंडाळून घरी आणलं. वाटेत बस रेल्वे फाटकाशी बराच वेळ अडकून पडली होती. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बॅटरी लावली.

“बघ. कोंबडी दिसते का कुठे? पेटीत वाढतंय हे. तरी यातल्याही काहींच्या पेशी अडतात. मग कुणाला बोलायचं? पेटीला?”

बायको वाकली. “हे हलत नाहीये.”

धडधडणारा लाल ठिपका थांबला होता. पाण्याची पिशवी कधीच गार झाली होती. अंडं पेटीबाहेर फार वेळ ठेवू नका, असं प्रयोगशाळेतल्या पोरांना ओरडण्यात मामांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

“मेलेलं आणलंत. घरात बाळ आजारी असताना.”

मामा अंडं उचलून निघाले, तशी सून उठून बसली.

“मला दाखवा, बाबा.” तिने बराच वेळ पाहिलं. “कुठून कुठे जातात त्या?”

“मानेपासून पार खालपर्यंत.”

“एवढ्याशा?”

“हं.”

“मग दमल्या असतील.”

मामांनी अंडं परत पिशवीत गुंडाळलं. बायकोचं तोंड ऑपरेशनपर्यंत सुरूच राहिलं.

ऑपरेशन झालं. पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, बाळानं आईच्या मांडीवर जीव सोडला.