घर शहागडला, खोली जालन्यात

आरटीईच्या लॉटरीत अर्पिताचा पहिलीसाठी नंबर लागला आणि माझी झोपच उडाली. नंबर लागला म्हणजे मोठ्या इंग्रजी शाळेत फुकट शिक्षण. पण राहणं शाळेपासून एक किलोमीटरच्या आत पाहिजे, आणि आम्ही तिथं खरंच राहतो का हे बघायला माणसं येणार होती. खोटे भाडेकरार करून नंबर लावणारे हल्ली पैशाला पासरी झालेत. त्यांच्या पापाचं खापर माझ्या लेकराच्या डोक्यावर फुटायला नको, एवढाच घोर लागला होता.

आम्ही तर खरंच राहत होतो! माझा नवरा धम्मपाल सळईच्या कारखान्यात जातो. कारखान्याजवळची बरी खोली सोडून आम्ही दिवाळीत शाळेमागच्या या पत्र्याच्या खोलीत आलो. खोली कसली, खुराडंच. भाडं ऐकून धम्मपाल हसला, तर मालक बद्रीनाथशेठ म्हणाले, "भाडं खोलीचं न्हाई, शाळेचं हाय."

आम्ही मुकाट्यानं दिलं. लगेच शेठनं शेजारच्या कौसल्यामावशीचं भाडंही तेवढंच केलं. मावशी एकटी, लोकांकडं पोळ्या लाटणारी, तिथली जुनी भाडेकरू. तेव्हापासून तिनं माझ्याशी अबोला धरला. मलाही तिचा राग यायचा. भाडं काय मी वाढवलं होतं?

तपासणीच्या मॅडम आल्या. कागद बघितले, मग अर्पिताला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तुझं घर कुठंय?"

"शहागडला," पोरगी ठणकावून म्हणाली. "इथं आमचं घर न्हाई."

आम्ही गावाकडची माणसं असंच बोलतो. घर म्हणजे गावाकडचं, शहरात नुसती खोली. लेकरू तेच शिकलं. मी समजावून सांगायला गेले तर जीभच अडखळली, आणि अडखळणारी बाई खोटीच दिसते. मॅडमनी माझ्याकडं बघून पेनाचं टोपण काढलं. मग दारात उभ्या मावशीला विचारलं, "ही माणसं इथं राहतात का?"

संपलं सगळं, मला वाटलं.

"राहत्यात की!" मावशी कडाडली. "ह्यांच्यापायीच माझं भाडं वाढलं. ही बाई सकाळ न्हाई संध्याकाळ न्हाई, पोरीकडून इंग्रजी कविता घोकून घेऊन राह्यली. नवरा रातपाळीहून आला की दार बडवतो. माझ्या डोक्याचं पार भुस्काट झालं!"

मॅडमना हसू आवरेना. सही झाली.

संध्याकाळी पेढे घेऊन मी मावशीकडं गेले, तर ती भांडी पोत्यात भरत होती.

"कुठं निघालात, मावशी?"

"कुंडलिका नदीपल्याड, भाचीकडं. शेठ आल्ता. म्हणला, इथून एका पोरीचं काम बराबर झालं, आता गिऱ्हाईक लई येईल. भाडं अजून वाढवून राह्यला. मला कुठून जमावं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, तुम्ही न्हाई म्हणाला असता तर..."

"तर तुझ्या पोरीचं नाव कटलं असतं, इकडं कुणी फिरकलं नसतं आणि माझं भाडं उतरलं असतं. येवढं कळतं मला." तिनं पोत्याचं तोंड करकचून आवळलं. "पण तू राहतीस की गं इथं."