पाचवा फाउल

“किती?” तिने बसता बसता विचारलं.

“अठरानं मागे,” तो म्हणाला. “आणि आपली उंच पोरगी गेली. घोटा मुरगळला. ती बघ, बर्फ लावून बसलीय.”

“म्हणजे उरल्या सहा?”

“सहाच.”

तिने पर्स पायाशी ठेवली आणि ओढणीने कपाळ पुसलं. रक्त तपासायच्या लॅबमधून ती थेट आली होती. मनगटावर हातमोज्यांच्या रबराचा वळ अजून तसाच होता. खाली कोर्टवर कॉलेजच्या मुली धापा टाकत धावत होत्या आणि समोरचा संघ चालता चालता बास्केट करत होता.

“आज हरल्या तर पुढच्या वर्षी खालच्या गटात,” तो म्हणाला.

“माहितेय बाबा.”

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. उभा जन्म इमारतींच्या पोटात, तारा आणि ग्रीस यांच्या संगतीत गेला. आता निवृत्त झाला असला तरी जुनी लिफ्ट कुणालाच जमेनाशी झाली की कंपनीवाले त्यालाच फोन करत. बास्केटबॉलशी त्याचा संबंध आला तो सुनेमुळे, आता शेजारी बसलेल्या हिच्यामुळे. ती याच कॉलेजच्या संघातून खेळलेली. लग्नानंतर एका शनिवारी तिच्याकडे दोन तिकिटं होती आणि नवरा म्हणाला, मला झोप काढायचीय. मग ती सासऱ्यालाच घेऊन आली.

त्या दिवशी त्याने इतके प्रश्न विचारले, की पुढच्या रांगेतला माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

“लांबून टाकला की तीन आणि जवळून टाकला की दोन? मग सगळ्या लांबूनच का नाही टाकत?”

“तुम्ही टाकून बघा ना एकदा,” ती म्हणाली, आणि सामना संपल्यावर खरंच त्याला खाली नेऊन तिने त्याच्या हातात चेंडू दिला. त्याने जीव खाऊन फेकला. चेंडू रिंगपर्यंत पोचलाही नाही. ती पोट धरून हसली. घरात त्याच्यावर असं मनमोकळं कुणी हसलं नव्हतं. त्या दिवसापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना दोघांनी सोडला नाही.

तेव्हा संघ जोरात होता. पायऱ्यांवर बसायला जागा मिळायची नाही. मग जुने कोच दुसऱ्या कॉलेजात गेले, त्यांच्यामागोमाग चांगल्या मुली गेल्या, आणि संघाची जबाबदारी वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या गळ्यात पडली. सर माणूस भला, पण टाइम आउट घेतला की मुलींपेक्षा तेच जास्त गोंधळलेले दिसत. बघता बघता पायऱ्या ओस पडल्या. हे दोघे मात्र येत राहिले. घरी गेल्यावर तो बूट काढता काढता म्हणायचा, “हरलो.” आणि बायको आतून म्हणायची, “तुम्ही कधी खेळलात हरायला?”

मध्यंतराची शिटी झाली. मुली बाकावर जाऊन बसल्या. सर हात हलवून काहीतरी सांगत होते, पण एकही मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती.

“मघाशी गेटवरचा विचारत होता, मुलगी नाही आली का आज,” तो म्हणाला.

“मग? काय सांगितलंत?”

“येतेय म्हटलं.”

ती किंचित हसली. मग कोर्टकडे बघतच म्हणाली, “बाबा, मी जातेय इथून. दुसऱ्या गावी मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालंय. बुधवारी निघायचंय.”

“या बुधवारी?”

“हो. आज सांगायचंच होतं.”

“चांगलं आहे,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “चांगलंच आहे की.” आणि मग, “त्या सात नंबरनं तिकडून कडेनं आत घुसायला पाहिजे. मध्येच घुटमळते ती.”

“हं. घुटमळते खरी.”

मुलाने घर सोडलं त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या ऑफिसातली दुसरीच एक बाई होती. ते सगळ्यांना कळायच्या आधी सासऱ्याला कळलं होतं. एका इमारतीची जाळीच्या दाराची लिफ्ट थांबवून तो तिच्या छपरावर काम करत बसला होता, तेव्हा खालच्या मजल्यावर ती दोघं हातात हात घालून लिफ्टची वाट बघत उभी होती. त्याने वरून पाहिलं. घरी येऊन तो कुणाला काही बोलला नाही. वाटलं, पोरगा आपला आपण ताळ्यावर येईल.

पोरगा ताळ्यावर आला नाही. उलट नातेवाइकांची बैठक बसली तेव्हा त्याने सगळं सुनेवरच ढकललं. हिची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. हिचं घरात लक्ष नाही. शनिवार उजाडला की ही चालली सामन्याला. त्याच्या आईनेही मुलाचीच री ओढली. “संसारात मनच नव्हतं तिचं,” ती पाहुण्यांना म्हणाली. सून सगळं ऐकून घेत होती. शेवटी ती सासऱ्याकडे वळली.

“बाबा, तुम्ही रोज बघत होतात. तुम्ही तरी सांगा ना.”

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. त्याने चहाचा कप उचलला, परत ठेवला. “तुम्हीच काय ते बसून ठरवा,” म्हणाला. “मला जायला हवं. एक लिफ्ट अडकलीय.”

आणि तो उठून गेला. कुठेही काही अडकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो रस्त्याने चालत राहिला.

ती आता आपलं तोंडही बघणार नाही असं त्याने धरून चाललं होतं. पण पुढच्या शनिवारी तो हॉलमध्ये शिरला तर ती नेहमीच्या रांगेत बसली होती. त्याला बघून तिने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. तो बसला. त्या बैठकीबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही. कागदोपत्री नातं संपलं तेव्हापासून तिला सूनबाई म्हणायला त्याची जीभ रेटेना. दुसरं काही म्हणावं तर तेही सुचेना. दोन वर्षं तो नुसतं “अगं” वर भागवत होता.

तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि कसं कोण जाणे, मुलींच्या अंगात वारं शिरलं. एक बुटकी पोरगी होती, पाच नंबरची. सगळ्या संघात सगळ्यांत लहानखुरी, पण सुरुंगासारखी. तिने समोरच्या पोरीच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि एकटीच पळत जाऊन बास्केट केली. मग पुन्हा एकदा. सात नंबरने खरोखरच कडेने घुसून दोन गुण मिळवले.

“बाबा! ऐकलं तिनं तुमचं!”

“मग! काय समजलीस!”

फरक बारावर आला. मग नऊवर. तेवढ्यात एका मुलीचे पाच फाउल भरले आणि तिला बाहेर बसावं लागलं. आता उरल्या बरोबर पाच. बदली द्यायला बाकावर लंगडणारी उंच पोरगी सोडली तर कुणी नाही. तरी त्या थांबल्या नाहीत. चौथ्या क्वार्टरमध्ये फरक सहावर आला आणि रिकाम्या पायऱ्यांवर तुरळक बसलेली माणसं पुढे सरकून बसली.

मग ते झालं. समोरच्या संघातली एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली. बुटकी तिच्या वाटेत दोन्ही पाय रोवून उभी होती. हललीही नव्हती. दांडगी तिच्या अंगावर येऊन आदळली आणि दोघी पडल्या. शिटी वाजली. रेफरीने बुटकीकडे बोट दाखवून पंजा वर केला. तिचा पाचवा फाउल.

बुटकीने काही वाद घातला नाही. जमिनीवरून उठली, गुडघा चोळला आणि मान खाली घालून बाकाकडे चालायला लागली.

“ओ रेफरी!”

तो उभा राहिला होता. कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

“तिची चूक नाहीये! ती जागेवर उभी होती! हललीसुद्धा नव्हती ती! समोरची येऊन आदळली, आणि बाहेर हिला काढता?”

“काका, खाली बसा,” रेफरीने हाताने खूण केली.

“नाही बसणार! मी बघितलंय! माझ्या डोळ्यांनी बघितलंय सगळं! तिची काही चूक नाहीये!”

त्याचा आवाज छताच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. बुटकी थबकून वर बघायला लागली. वनस्पतिशास्त्राचे सरही बघायला लागले. रेफरीने खांदे उडवले आणि चेंडू उचलला.

तो हळूहळू खाली बसला. शेजारी बघायची त्याची छाती होईना.

“बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यात टोचणी नव्हती. “तुमचा आवाज एवढा मोठा आहे, मला माहीतच नव्हतं.”

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसला. खाली चौघी मुली पाच जणींविरुद्ध खेळत होत्या. चौघींनी खेळायची नियमात मुभा असते, ते तिनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष घडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. एक कोपरा सतत उघडा पडत होता. तिथे पोचायला एकीला दोघींचं धावावं लागत होतं. शेवटी त्या बऱ्याच फरकाने हरल्या, पण उठून कुणी गेलं नाही.

बसथांब्यावर दोघे उभे राहिले. उजेड मावळायला आला होता. त्याला मनातलं बरंच काही सांगायचं होतं. लिफ्टच्या छपरावरून जे पाहिलं ते, चहाचा कप, ती खोटी अडकलेली लिफ्ट. बस लांब वळणावर दिसली तेव्हा त्याने तोंड उघडलं.

“तिकडच्या तुझ्या इमारतीत लिफ्ट आहे का गं?”

“आहे. चौथा मजलाय माझा.”

“थांबताना झटका देत असेल तर कळव. ब्रेक बघायला लागतो.”

“कळवीन.”

“मी येईन बघायला. काही लांब नाही तेवढं.”

“हो बाबा,” ती म्हणाली. मग त्याच्या दंडाला जरा धरलं, जरा जास्त वेळच धरलं. “येते.” आणि बसमध्ये चढली.

घरी बायको टेबल पुसत होती. त्याने बूट काढले. नेहमीचा शब्द काही तोंडातून बाहेर पडला नाही, तेव्हा तिनेच विचारलं, “हरलात ना?”

“ती गाव सोडून चाललीय. बुधवारी.”

दोन वर्षांत या घरात तिचा विषय निघाला नव्हता. बायकोने फडकं झटकलं. “बरं,” म्हणाली.

“चूक आपल्या पोराची होती. मला आधीपासून माहीत होतं. मी त्या दोघांना बघितलं होतं.” तो उभाच होता, एक मोजा पायात, एक हातात. “आणि त्या दिवशी लिफ्ट-बिफ्ट काही अडकली नव्हती.”

“ते कळलं होतं मला,” बायको म्हणाली. “फोन तर कुठे वाजला होता तुमचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला. तो खुर्चीत बसून राहिला. आता ती रडेल, किंवा मुलाची बाजू घेऊन भांडेल, असं त्याला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मग ती हात पुसत दाराशी आली आणि त्याच्याकडे न बघता तिने विचारलं,

“जेवली होती का ती?”

त्याने विचारलं नव्हतं.