एकदा खाकरलं की पाणी

इतिहासाच्या सरांनी ते पुठ्ठ्याचं घर करण्यात तीन रविवार घातले होते. त्या तीन रविवारांत बायकोनं त्यांच्यापुढे किती वेळा चहा नेऊन ठेवला, ते मात्र विचारू नका. घर झकास झालं होतं. पुढची भिंत उघडली की वर मालकांचा दिवाणखाना, खाली तळघरात नोकरांची खोली, आणि मधून एक दोरा. वरून दोरा ओढला की खाली इवलीशी घंटा वाजायची.

आज मागच्या बाकावर तपासणीसबाई बसल्या होत्या. त्यांचा शेरा चांगला आला तर सर मुख्याध्यापक होणार, नाहीतर आहेच पुन्हा खडू झिजवणं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"पूर्वी माणसाचा मान घरावरून ठरायचा," सर रंगात आले. "मालक हाकसुद्धा मारत नसत. घंटा वाजली की खालचा माणूस हातातलं काम टाकून वर पळायचा. सांगा बरं, आज आहे कुणाच्या घरी अशी घंटा?"

मुलांनी 'नाही' म्हणायचं आणि सरांनी आधुनिक काळाकडे वळायचं, असा बेत होता. पण तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. तो नेमका सरांच्याच लेकीचा. शाळेत मला बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा नियम सरांनीच घातलेला, आणि पोरगी नियमाला पक्की.

"आमच्याकडे आहे, सर."

वर्गात खसखस पिकली. बाईंना मात्र कशाचाच पत्ता नव्हता. "अगं वा, कशी असते ती?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"दोरा नाहीये, बाई. आमचे बाबा खुर्चीत बसून खाकरतात. एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की चहा. आई आत असते, तिला बरोबर कळतं."

"आणि आई घरीच असते दिवसभर?"

"छे, औषधांच्या दुकानात असते. आठ तास उभी. बाबांच्या नंतर येते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! विषय बदलायला सरांनी तोंड उघडलं, तर घसा कोरडा ठणठणीत. आवाज फुटेना, म्हणून ते खाकरले.

एकदाच खाकरले. पण लेक उठली, दप्तरातून पाण्याची बाटली काढली, टेबलावर आणून ठेवली आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वर्ग हसायचा थांबला. सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग त्या घंटेकडे, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला कुणी हसलं याचं काही नाही, पण पोरगी इतकी सहज उठली कशी?

"म्हणजे त्या खाकरणाऱ्या गृहस्थांची गाठ पडली म्हणायची," बाई म्हणाल्या.

"हो बाई. तो मीच."

बाईंनी वही मिटली. "शेरा उद्या लिहीन. आज संध्याकाळी काय होतं, ते आधी तुमच्या लेकीला विचारीन."

संध्याकाळी बायको दमून आली, तर तिच्या नवऱ्यानं तिला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

"चहाची पावडर कुठे असते गं?" सरांनी दबक्या आवाजात लेकीला विचारलं.

"जिथे अठरा वर्षं असते तिथेच, असं आई सांगेल," लेक म्हणाली. ती वही घेऊन दारातच बसली होती. उद्या बाईंना सांगायची तयारी.

बाहेर बायको दोनदा खाकरली.

"आलो, आलो!" सर म्हणाले, आणि त्या घाईत साखर सांडली.

जरा वेळ गेला, आणि बाहेरून तीनदा खाकरल्याचा आवाज आला. सरांनी लेकीकडे पाहिलं.

"तीनदा म्हणजे काय?"

"ते आपल्याकडे अजून कुणी ठरवलेलंच नाही," लेक म्हणाली. "आईलाच विचारा."

सरांनी गॅस बारीक केला आणि ते बायकोला विचारायला बाहेर गेले.