चार बोटं साल

मेलेली तपकिरी आणि जिवंत हिरवी साल यांच्यामध्ये सुरीच्या पात्याएवढी बारीक लालसर रेघ होती. तिने साल खरवडत सुरी पुढे नेली. रोगाचा वेढा बुंध्याभोवती जवळजवळ पुरा झाला होता. जिवंत साल उरली होती ती फक्त चार बोटं.

"वाचेल ना, वहिनी?" दिराने विचारलं.

सासऱ्यांनी लावलेलं हे सफरचंदाचं झाड. दोन्ही भावांच्या बागांतली कलमं याच्याच काड्यांची. वाटणीत दिराने ही बाजू हट्टाने घेतली. थोरल्या भावाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या झाडांना दिराने आधीच पांढरा रंग फासून ठेवला होता. हिवाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले, तेव्हा खालची बुरशीने खाल्लेली साल दिसली. मग ती आणि नवरा रोगट फांद्या कापत राहिले, प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसत, दर पानगळीला फवारणी करत. बाग सावरली. नवरा त्यात झिजून गेला.

या झाडावरचा पहिला डाग तिने कुंपणापलीकडून पाहिला होता. तेव्हा एक फांदी कापून भागलं असतं. दीर विचारील तेव्हाच बोलायचं, असं तिने ठरवलं. तो आज विचारत होता.

"एवढं शिकलात, काहीतरी औषध असेलच की," जाऊ म्हणाली.

"वेळेवर कापणं, हेच औषध होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"रंगाखाली काय आहे, ते भाऊजी बोलले होते?"

"जुनी मढी कशाला उकरता, वहिनी!" दीर खाली बघत म्हणाला. मग हळूच, "जखमेवर रंग मारून बघू का?"

तिला हसू आलं. नुसतं 'मारा' म्हटलं की झालं. बुरशीने त्याची उरलेली बागही खाल्ली असती. हा शब्द तिने कितीदा मनात घोळवला होता.

तिने वर पाहिलं. उजव्या फांदीवर कलमाची गाठ होती. लग्नाच्या वर्षी नवऱ्याने बांधलेली. तिथली पानं अजून हिरवी होती. रंगाखाली तीही हळूहळू मेली असती.

तिने करवतीचं पातं स्पिरिटने पुसलं आणि मूठ दिरापुढे धरली.

"बुंध्यापासून कापा," ती म्हणाली. "आजच. बाकीची बाग तरी वाचेल. आणि तुमच्याच हाताने."