वरच्या चौकटीतली खूण

आमच्या खेळात प्लास्टिकची चकती फेकायची आणि ती साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चालू लागायचं. अशा अठरा टोपल्या. सगळ्यांत कमी फेकींत जो उरकेल तो जिंकला. चकतीला आम्ही डिस्क म्हणतो, कारण चकती म्हटलं की माझ्या बायकोला ती स्वयंपाकघरातली वस्तू वाटते. नुसती वाटून थांबत नाही, ती वापरायला घेते.

खेळणारे दोन तऱ्हेचे. व्यावसायिक जिंकला की त्याला रोख मिळते, हौशी जिंकला की त्याला डिस्क मिळते. म्हणजे प्रवेश फी भरायची नोटांनी आणि बक्षीस घ्यायचं प्लास्टिकचं, तेही सचिवांच्या दुकानातून, दुकानाच्याच भावाने. आमच्या क्लबचे सचिव आणि त्या दुकानाचे मालक एकच गृहस्थ आहेत. हा योगायोग आपल्याही उशिराच लक्षात आला, असं ते सांगतात.

साठीपुढच्या हौशी गटात मी आठ वर्षं खेळतोय. घरात एकशे बारा डिस्क आहेत. डब्यांवर झाकण म्हणून, कुंड्यांखाली बशी म्हणून, आणि एक फ्रिजच्या तोकड्या पायाखाली. ती पहिल्या क्रमांकाची आहे.

पण खरी गोष्ट चषकाची. आमचा वार्षिक चषक फिरता आहे. जिंकणाऱ्याने वर्षभर घरी ठेवायचा आणि परत आणून द्यायचा. मात्र सलग तीन वर्षं जिंकलं तर तो कायमचा आपला. मी लागोपाठ दोन वर्षं जिंकलो होतो. चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढली, लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्या त्यांना दिल्या. कायमचं आपलं असं काही एकदा मोजावं, एवढीच इच्छा होती. चषक चौपन्न सेंटिमीटर उंच आहे. सुताराला बोलावून मी बैठकीत साठ सेंटिमीटरचा कोनाडा करून घेतला. बायको शेजारी उभी राहून म्हणाली, "जरा रुंद ठेवा हो. पुसायला हात गेला पाहिजे." हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलंय.

दरवर्षी दुसरा येणारा माणूस म्हणजे माझा मेहुणा. वय सहासष्ट, पण घरात त्याला अजून बाळच म्हणतात. चष्म्याचं दुकान चालवण्यात त्याचा जन्म गेला. नियमपुस्तक उशाशी घेऊन झोपतो आणि टोपलीपासून दोन हातांवर आला की त्याचा हात थरथरतो. दोन्ही वेळा हरल्यावर तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "दाजी, आपल्याच घरात राहिला ना चषक!" केवढं मोठं मन, असं मला वाटायचं.

चषकाच्या महिनाभर आधी दुसऱ्या एका क्लबची छोटी स्पर्धा होती. सरावाला बरी, म्हणून बाळाने आम्हा दोघांची फी परस्पर भरून टाकली. इतक्या वर्षांत त्याने माझ्या चहाचे पैसे कधी परस्पर भरले नव्हते. तेव्हाच मला उमजायला हवं होतं, पण फुकटात माणसाची नजर कमी होते.

बायकोही बघायला बरोबर आली. तिथे गेल्यावर कळलं की साठीपुढच्या गटात आम्ही दोघेच. तीनपेक्षा कमी नावं आली की गट रद्द होतो आणि ती नावं व्यावसायिकांत घालतात. त्या दिवशी वारा उठला होता. तरण्या व्यावसायिकांनी जोर लावला आणि त्यांच्या डिस्क तळ्यात गेल्या. मी बेताने फेकत राहिलो आणि तिसरा आलो. टेबलामागच्या बाईंनी एक फॉर्म आणि एक पाकीट पुढे केलं.

तेवढ्यात बाळ म्हणाला, "दाजी, चष्मा द्या पाहू. दांडीचा स्क्रू निघालाय. पडेल कुठेतरी."

चष्मेवाल्याने स्क्रू निघालाय म्हटलं की तो निघालेलाच असतो. मी चष्मा दिला. माझा चष्मा दूरचा आणि जवळचा दोन्ही आहे, तो काढला की मला जगाचा फक्त रंग कळतो.

"पाकिटात काय आहे?" मी विचारलं.

"बक्षीस. रोख."

"रोख? अरे, आपण हौशी. आपल्याला चालत नाही."

"कुठल्या जमान्यात आहात दाजी? साठीपुढे चालतं आता. नवा नियम आहे. वाचून दाखवू का?"

"नको. फॉर्मवर काय लिहिलंय?"

"दोन चौकटी आहेत. वरच्या चौकटीत खूण करा. हां, इथे. आता सही. आणि पाकीट जरा वर धरा."

"वर कशाला?"

"आठवण राहील."

समोर कुणीतरी फोटो काढत होतं. मला एक निळा ठिपका दिसत होता. मी ठिपक्याकडे बघून मोकळेपणाने हसलो. पाच मिनिटांनी चष्मा परत आला, स्क्रू घट्ट. त्याच पाकिटातून मी बायकोला आणि बाळाला जेवायला नेलं. बाळाने दोनदा आइस्क्रीम मागवलं.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी सरावाला जात होतो. रोज सकाळी बायको थर्मासमध्ये चहा भरून देत होती.

नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी मी सचिवांच्या दुकानात फी भरायला गेलो. त्यांनी माझ्या नोटा घेतल्या नाहीत. नोटा न घेणारे सचिव मी प्रथमच पाहत होतो.

"तुमचं नाव हौशीत बसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही आता व्यावसायिक. अभिनंदन करावं की काय करावं, मला सुचत नाहीये."

"कोण म्हणतं मी व्यावसायिक?"

"तुम्हीच. खालच्या चौकटीत 'रोख नको' असं होतं. तिथे खूण केली असतीत तर तुम्हाला नुसती ढाल मिळाली असती आणि हौशीपण शाबूत राहिलं असतं. तुम्ही वरची निवडली."

"नवा नियम आहे ना? साठीपुढे चालतं?"

"असा नियम आला तर आधी मला आनंद होईल. तुमच्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. फोटोसकट." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "व्यावसायिक गटात घालू का? फी तिप्पट आहे. पंचविशीतली पोरं आहेत, पण मनाने चांगली."

फोटोत मी पाकीट कानापर्यंत उचलून हसत होतो. माझ्या शेजारी बाळ टाळ्या वाजवत होता. त्याच्या नाकावर त्याचा चष्मा होता आणि शर्टाच्या खिशात माझा.

तक्रारीखाली सही बाळाची होती. पण बाळाला सलग चार ओळी लिहिता येत नाहीत. त्याने उभ्या जन्मात नुसते लोकांच्या डोळ्यांचे आकडे लिहिले. इथे तर पाच मुद्दे होते, प्रत्येकाला क्रमांक. मुद्दा क्रमांक चार असा होता: 'सदर इसमाचा हौशी गटातील सहभाग इतर खेळाडूंच्या, विशेषतः सातत्याने दुसऱ्या क्रमांकावर राहणाऱ्या खेळाडूंच्या, मनोधैर्यास बाधक आहे.' आणि शेवटी: 'तरी वेळीच दखल घेऊन उपकृत करावे.'

हे शेवटचं वाक्य मी ओळखतो. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल हे वाक्य चार वेळा गेलं आणि टाकी दोनदा बदलली गेली. ही भाषा ज्या टेबलावर तयार होते त्याच टेबलावर मी जेवतो.

घरी आलो. तो निळा ठिपका बाल्कनीत तारेवर वाळत होता. बायकोचा स्वेटर. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, सदर इसम आलाय," मी म्हणालो.

तिचे हात थांबले नाहीत. "चहा ठेवू?"

"फोटो तू काढलास."

"बाळ म्हणाला, काढ."

"आणि तक्रार?"

"त्याने लिहिलेली वाचवत नव्हती हो. 'दाजींना काढा' एवढंच होतं. तारीखसुद्धा नव्हती."

"म्हणून तू मुद्दे घातलेस."

"तक्रार म्हटली की मुद्दे नकोत?"

मी खुर्चीत बसलो. समोर कोनाडा होता, साठ सेंटिमीटर, पुसायला हात जाईल एवढा रुंद.

"बेचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," मी म्हणालो.

"हो. आणि त्याआधी वीस-पंचवीस वर्षं मी त्याची बहीण होते." तिने एक टॉवेल झटकला. "शाळेत पोत्यांच्या शर्यतीत तो पहिला येत होता. रेषा चार हातांवर असताना पोतं फाटलं. सगळं मैदान हसलं. मी बघितलंय ते, तुम्ही नव्हतात तिथे. त्यानंतर कशात पहिला आला नाही तो. तुम्ही दोनदा जिंकलात. एकदा त्याला मिळाला तर काय बिघडलं?"

"मला सांगायचंस. मी मुद्दाम हरलो असतो."

"तुम्ही?" आता तिने मान वर केली. "नातवाशी पत्ते खेळताना हरत नाही तुम्ही."

हे खरं होतं. ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तीन आठवडे रोज थर्मास भरून दिलास," मी म्हणालो. "मी खेळणारच नाही हे माहीत असून."

"सराव तब्येतीला चांगला असतो," ती म्हणाली आणि घड्या घेऊन आत गेली.

चषकाच्या दिवशी मी मैदानावर गेलो. घरी बसलो असतो तर कोनाड्याकडे बघावं लागलं असतं. बाळाला पंच्याहत्तर फेकी लागल्या. त्या मैदानावर मी गेल्या दोन वर्षांत बासष्टच्या वर गेलेलो नाही. पण बाकीचे तिघे सत्याहत्तरच्या पुढे होते, म्हणून बाळ जिंकला. शेवटची डिस्क साखळ्यांत खळखळली तेव्हा बायकोच्या डोळ्यांना धार लागली. माझ्या दोन्ही विजयांच्या वेळी ती थर्मासचं झाकण शोधत होती.

बाळ चषक कवटाळून माझ्याकडे आला. "दाजी, एक फोटो काढा ना. तुमच्यासारखा कुणी काढत नाही."

"तुझ्या ताईला सांग," मी म्हणालो. "तिचे फोटो लांबवर पोचतात."

तो हसला. मग त्याला कळलं आणि तो हसायचा थांबला. "दाजी, पुढच्या वर्षी परत देणारच आहे ना मी. फिरता आहे तो."

"माझे दोन गेले, बाळ. सलग तीन लागतात. आता पुन्हा एकपासून. तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा असेन."

त्याने चषक या बगलेतून त्या बगलेत घेतला.

व्यावसायिकाला परत हौशी होता येतं. त्यासाठी समितीकडे अर्ज करावा लागतो. "अर्ज चोख हवा," सचिव म्हणाले, "पाच वर्षांत एकच मंजूर झालाय." मी आठवडाभर बसून तीनदा लिहिला. पहिला रागाचा झाला, दुसरा लांबला, तिसऱ्यात मीच मला दोषी वाटायला लागलो. जिच्या अर्जाला आजवर नकार आला नाही अशी एकच बाई माझ्या माहितीत आहे. रविवारी दुपारी कोरे कागद घेऊन मी टेबलावर तिच्यासमोर बसलो.

तिने पेन उघडलं, तारीख घातली.

"मुद्दा क्रमांक एक," ती म्हणाली. "अर्जदाराने रोख रक्कम अनवधानाने स्वीकारली."

"अनवधानाने नाही. फसवून घ्यायला लावली."

"फसवून लिहिलं की कुणी फसवलं ते लिहावं लागतं. समिती विचारते."

"मग लिही."

पेन कागदापासून एक बोटभर वर थांबलं. मी वाट पाहिली. मला अर्ज नको होता, ते नाव हवं होतं, तिच्या हातचं. दोन नावं होती खरं तर. फ्रिज मध्येच घरघरून बंद झाला.

मग तिने खाली मान घालून भराभर लिहिलं. चार मुद्दे झाले. 'तरी वेळीच दखल घेऊन उपकृत करावे' झालं. तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि खाली बोट ठेवलं.

"इथे सही."

बेचाळीस वर्षांत तिने बोट ठेवलं तिथे मी सही करत आलो. घराच्या कागदांवर, बँकेच्या, मुलीच्या शाळेच्या. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, दांड्यांचे स्क्रू बोटाने चाचपले, चष्मा परत चढवला. तारखेपासून वाचायला सुरुवात केली. मुद्दा क्रमांक दोनमध्ये लिहिलं होतं: 'सदर प्रसंगी अर्जदाराचा चष्मा दुरुस्तीस गेला होता.' शब्दन् शब्द खरा होता, नाव एकाचंही नव्हतं. संपलं तेव्हा मी पुन्हा वरून वाचलं.

ती समोर बसून कोनाड्याकडे बघत होती. तिचं बोट सहीच्या जागेवरून कधी निघालं, मला कळलं नाही. तिसऱ्यांदा वाचून मग मी सही केली.